डावी वायर

रविवार, १२ जानेवारी २०२५

केबल! आज काय, तर केबल!

सकाळी उदयसिंह आणि अण्णासो आले. हे गेल्यापासून त्यांचा एकही रविवार चुकलेला नाही. उत्तरकार्य झालं, पुढे महिनाभर घरात गाणी बंद होती, तेव्हासुद्धा दोघं येऊन बंद अँप्लिफायरकडे बघत बसायचे. चहा प्यायचे, उठायचे. आता रेकॉर्ड लावतात. मी स्वयंपाकघरात भाकरी करत असते. पूर्वीही तिथंच असायचे.

आज पहिली रेकॉर्ड अर्धी झाली आणि उदयसिंह ओरडले, ‘‘न्हाय वैनी, न्हाय! आकारामच्या वेळचा आवाज न्हाय ह्यो!’’

ते शाळेत पी.टी. शिकवायचे. हळू बोलणं त्यांना जमत नाही. मैदान नसलं तरी मैदानात असल्यासारखंच.

मग टेबलामागे गुडघ्यांवर बसून त्यांनी शोध लावला. डाव्या स्पीकरची वायर उजवीपेक्षा पुष्कळ लांब! जास्तीची गुंडाळून रबरानं बांधलेली. उत्तरकार्याच्या पंगतीला वाट हवी म्हणून मीच उदयसिंहांना डावा स्पीकर उचलायला सांगितला होता, तेव्हा त्यांनीच ती बांधली. आता विसरले.

‘‘दोन्हीकडची लांबी सारखी पायजे. न्हायतर एका बाजूचा आवाज मागनं पोचतोय. शास्त्र हाय त्ये.’’

अण्णासो म्हणाले, ‘‘मग काय उजव्या कानाला सकाळ आणि डाव्या कानाला दुपार व्हतीया व्हय?’’

अण्णासोंचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. मूळचे गडहिंग्लजकडचे. मला अक्का म्हणतात. त्यांचं आणि उदयसिंहांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही.

उदयसिंहांचं चालूच, ‘‘आकाराम होता तवा तर डावा डबा सैपाकघराच्या दारात, वाकडा! स्पीकर हाय का राखण करायला बसीवलेलं कुत्रं? आता कुठं भिंतीला सरळ आलाय. फकस्त केबल तेवढी बदला वैनी.’’

एक खरं. आता दारातून जाताना माझ्या पायाला ठेच लागत नाही. आधी दिवसातून एकदा ठरलेली.

पण उदयसिंह म्हणाले ते मलाही जाणवतंय.  गाणं लागतं, ऐकू येतं, पण येत नाही. पातळ झालंय. फॅट काढल्यासारखं.

मला वाटलं होतं माणूस गेल्यावर असंच होत असेल. केबलचा दोष असेल तर बरंच की! केबल बदलता येते.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. आपल्याकडे या वर्षी तिळगूळ नाही. शेजारणीनं तरी दारातून डबा सरकवला आणि पळाली. खाल्ला.

बुधवार, १५ जानेवारी

उदयसिंहांनी केबलच्या किमती पाठवल्या. फोन टेबलावर उपडा ठेवला. थोड्या वेळानं सुलटा केला. किंमत तीच.

क्रांतीला फोन केला. पुण्याहून ती रोज करतेच, आज मी आधी केला म्हणून घाबरली. केबलचं सांगितलं.

‘‘आई, एवढ्यात फ्रीज येतो!’’

‘‘फ्रीज आहे.’’

‘‘मग दुसरा येतो! वायर ती वायर. मी सांगू? तो सगळा सेटच विकून टाक. इथं गिऱ्हाईक आहेत असल्या जुन्या सेटचे. बाबा होते तोवर ठीक. तू तरी कुठं बसून ऐकायचीस?’’

खरं आहे. मी कुठं बसून ऐकायचे!

हे फाउंड्रीसाठी पॅटर्न करायचे. म्हणजे ओतकामाच्या वस्तूचा आधी लाकडी नमुना करतात, तो. केसाएवढी चूक त्यांना सहन व्हायची नाही. स्पीकरचे डबे त्यांनी स्वतः केले, सागवानी, कुठं खिळा दिसत नाही. रविवारी मित्र यायचे, हे रेकॉर्ड लावायचे, डोळे मिटायचे. मला कधी म्हणाले नाहीत की ये, बस, ऐक. एकदाही नाही. चहा ठेव म्हणाले. आम्ही दोघंही कमी बोलणारी. मीही कधी विचारलं नाही.

मापाचा माणूस. एक वायर लांब आणि एक आखूड कापली कशी?

शुक्रवार, १७ जानेवारी

वन्सं राधानगरीहून आल्या. म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, विठाबाई. तांदूळ, तूप आणि सल्ले घेऊन येतात. केबलचं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

‘‘वरसाच्या आत घरात नवी वस्तू आणायची न्हाई!’’

‘‘वायर ही काय वस्तू आहे?’’

‘‘पैसं दिऊन आणली की वस्तू.’’

‘‘परवा खराटा आणला.’’

‘‘त्यो लागतोय.’’

खराटा लागतो, गाणं लागत नाही!  मग त्याच म्हणाल्या, ‘‘कुणाची वापरलेली असली तर चालंल. ती नवी न्हवं.’’

वन्संच्या शास्त्रात बारीक खिडकी नेहमी असते.

शनिवार, १८ जानेवारी

वन्संना एस.टी.त बसवून येताना अण्णासोंच्या दुकानात गेले. त्यांनी वायरीच्या एका मोठ्या भेंडोळ्यावर थाप मारली.

‘‘अक्का, ही बघा. पाण्याच्या मोटरीची. विहिरीत सोडा, उन्हात टाका, वरनं ट्रॅक्टर घाला. दहा एचपीची मोटर ह्येच्यावर चालती. एका बाईचं गाणं चालंना व्हय?’’

तुकडा फुकट दिला. वर म्हणाले, उदयसिंहाला सांगू नका. मी सांगणार नाही, पण अण्णासो स्वतःच सांगतील. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

रविवार, १९ जानेवारी

सांगितलं. दारातच!

पण उदयसिंहांच्या हातात त्याहून भारी चीज होती. सांगलीच्या कुणा हौशी माणसानं घरात बायकोशी भांडण झालं म्हणून विकायला काढलेली परदेशी केबल. अंगठ्याएवढी जाड, वरून जाळीचं कातडं. टेबलावर ठेवली तर धामण पसरल्यासारखी दिसायला लागली.

‘‘वापरलेली हाय वैनी. म्हणजे तुमच्या नणंदबाईंचं पण भागलं. दोन रविवार लावून बघायची, न्हाय आवडली तर परत. आतलं तांबं कसलं, ठाऊक हाय? ऑक्सिजन काढलेलं!’’

अण्णासो म्हणाले, ‘‘ऑक्सिजन काढला? मग गाणाऱ्या बाईनं श्वास कुठनं घ्यायचा?’’

उदयसिंह चिडले. अण्णासोंनी चहाची बशी तोंडाला लावून खांदे हलवले. मला हसू आलं. हे गेल्यापासून पहिल्यांदा, तेही पाठमोरी होऊन.

उदयसिंह जुनी डावी वायर कापायला निघाले होते, उजवीएवढी करायला, म्हणजे पुढेमागे उपयोगी पडेल म्हणे. मी म्हटलं, कापू नका.  कपाटातल्या ह्यांच्या शर्टांनाही मी अजून हात लावलेला नाही, तसंच काहीतरी.

शनिवार, २५ जानेवारी

धामण अजून टेबलावरच आहे, उद्या जोडणार. केर काढताना दोनदा दचकले.

रविवार, २६ जानेवारी

जिलेबीचा दिवस. पेठेत सकाळपासून चौकाचौकात कढया. उदयसिंह झेंडावंदन करून पांढऱ्या बुटांत आले, जिलेबीची पुडी घेऊन. अण्णासोही जिलेबी घेऊन आले. दोघांनी पुड्या टेबलावर ठेवल्या आणि कुणाची जास्त कुरकुरीत, यावर पंधरा मिनिटं गेली.

मग धामण जोडली. रेकॉर्ड लावली.

उदयसिंह उभेच राहिले. ‘‘ऐका! ऐका! तबल्याचं चामडं ऐकू येतंय! बाई तान घ्यायच्या आधी जीभ ओली करतीया, ती ऐकू येतीया!’’

‘‘तुमच्या तोंडात जिलेबी हाय, त्येचा आवाज हाय त्यो,’’ अण्णासो.

पण थोड्या वेळानं अण्णासोही म्हणाले, फरक हाय. जरासा. चार आणे.

मी स्वयंपाकघरात काटवटीत पीठ मळत होते. कान देऊन ऐकलं. तसंच! पातळ. दूर. शेजारच्या घरातलं ऐकावं तसं. एक आण्याचाही फरक नाही.

त्यांना बरं वाटलं, मला का नाही? म्हणजे वायर ठीक आहे. मीच बिघडले असेन.

मंगळवार, २८ जानेवारी

कानाच्या डॉक्टरकडे गेले. कुणाला न सांगता. एका काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. एकदा आवाजाच्या आधीच दाबलं. बाहेरची मुलगी हसली.

डॉक्टर कागद बघून म्हणाले, ‘‘मावशी, कान एकदम उत्तम. तक्रार काय आहे?’’

‘‘गाणं ऐकू येतं, पण येत नाही.’’

त्यांनी मान हलवली आणि शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या.

येताना रंकाळ्यावर जरा बसले. कान उत्तम. मग काय उरलं? हे डोळे मिटून ऐकायचे तेव्हा आवाज भरलेला असायचा, भाकरी थापता थापता अंगावर यायचा. मला वाटायचं, हे त्यांचं गाणं आहे, माझ्या वाट्याला सांडलेलं येतंय. सांडलेलं सुद्धा पुरे होतं. आता तेही नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

ठरवलं. तपासणी करायची. मी आयुष्यभर दूध संघाच्या प्रयोगशाळेत होते. नमुन्याच्या बाटलीवर आम्ही कधी नाव ठेवलं नाही, नंबर ठेवला. नाव दिसलं की फॅट वाढतं. विशेषतः संचालकांच्या म्हशीचं.

रविवार, २ फेब्रुवारी

तपासणी झाली. भांडणही झालं.

टेबलावर चादर टाकून मागचं सगळं झाकलं. तीन वायरी: ह्यांची जुनी, धामण, मोटरीची. तिन्हींना चिकटपट्टी लावून नंबर दिले. नंबर फक्त मला ठाऊक. दोघांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, हातात कागद. वायर बदलेपर्यंत बोलायचं नाही. हे शेवटचं उदयसिंहांना फार जड गेलं. शाळेत मुलांना गप्प बसवायचे, स्वतः कधी बसले नव्हते. दोन मिनिटांत मान लाल झाली.

एकच रेकॉर्ड तीनदा. मग कागद घेतले.

उदयसिंहांनी पहिला नंबर दिला तो मोटरीच्या वायरीला! खाली लिहिलंय, ‘यात आत्मा आहे.’

अण्णासोंनी शेवटचा नंबर दिला तोही मोटरीच्या वायरीला! ‘कोंदट. विहिरीतून आल्यासारखा.’

मी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि चादर उचलली.

 दोघं एकदम सुरू झाले. उदयसिंह म्हणाले, मधे लाईट डीम झाली होती, त्यामुळे आपला कान हलला. अण्णासो म्हणाले, ‘‘माझी वायर चांगलीच हाय. त्यो नंबरच वाईट पडला.’’

‘‘आत्मा म्हणे! मोटरीच्या वायरीत आत्मा! चला, माझ्या दुकानात आत्म्याची आख्खी भेंडोळी पडल्यात!’’

‘‘आणि तू तुझ्याच मालाला कोंदट म्हणालायस की रं!’’

शेजारची बाई खिडकीत आली, काय झालं म्हणून. मी सांगितलं, गाणी ऐकताहेत.

ते गेल्यावर जुनीच वायर परत लावली. धामण पिशवीत घातली. उदयसिंह नेतील.

म्हणजे वायरीत काही नाही. कानात काही नाही. पैसे वाचले. पण पैसे वाचले म्हणून आनंद व्हावा ना? नाही झाला. मला केबलचाच दोष निघायला हवा होता.

सोमवार, ३ फेब्रुवारी

क्रांतीला सांगितलं, बघ गिऱ्हाईक.  ती म्हणाली, ‘‘आई, मी रागानं बोलले होते.’’

मी म्हटलं, मी रागानं सांगत नाही. दर रविवारी भाकरी थापत ‘आज तरी तो आवाज येईल’ म्हणून वाट बघत बसते. त्यापेक्षा सेट नसलेला बरा.

फोनवर फक्त पहिलं वाक्य म्हटलं. पुढचं इथंच.

रविवार, ९ फेब्रुवारी

गिऱ्हाईक आलं. शशिधर नावाचा मुलगा, इचलकरंजीचा, बायकोला घेऊन. नमस्कार करून बसली दोघं. पोहे केले. उदयसिंह आणि अण्णासो समोर, इस्त्रीचे कपडे घालून. मुलगी बघायला आल्यासारखं. फक्त इथं मुलीकडचेच मोडायला बसलेले!

‘‘पावणं, एक सांगू?’’ उदयसिंह. ‘‘आतनं घुंईऽ असा आवाज येतोय कवाकवा.’’

‘‘शॉक पण बसतोय,’’ अण्णासो.

‘‘उंदीर निघालता गेल्या आठवड्यात.’’

‘‘दोन.’’

जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत. मला बघवेना. मी म्हटलं, तसं काही नाही, सगळं उत्तम आहे, लावून बघा.

त्यानं ऐकलं. शांतपणे. मग डब्यांवरून हात फिरवला. ‘‘काकांनी स्वतः केलेत? जोडच दिसत नाही कुठं.’’ चांगला मुलगा आहे. हातात धरून बघितलेली वस्तू परत हळू ठेवतो.

डाव्या डब्याची जाळी खालून वाकलेली होती. त्यानं विचारलं. मी म्हटलं, माझा पाय लागून लागून. दारात असायचा ना हा, स्वयंपाकघराच्या.

‘‘दारात? का?’’

‘‘जागा नव्हती.’’

तो हॉलकडे बघायला लागला. त्याची बायको पण. मग मीही बघितलं. हॉल केवढा आहे! आमच्याकडे पंगत उठते हॉलमध्ये.

असेल काही. ह्यांना कोण विचारणार होतं.

पुढच्या रविवारी टेम्पो आणतो म्हणाला. वायरींसकट सगळं द्या, आहे तसं. हो म्हटलं.

जाताना उदयसिंह पायऱ्यांवर थांबले. पहिल्यांदाच हळू बोलले. ‘‘वैनी, मग आम्ही रविवारी कुठं जायाचं?’’

 म्हटलं, चहा आहेच की.

बुधवार, १२ फेब्रुवारी

डबे पुसले. डावा पुसताना जाळीवर पीठ सापडलं. ज्वारीचं, वाळलेलं. भोकांत अडकून बसलेलं.

जाळीवर! मागच्या बाजूला नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

क्रांती म्हणाली, उद्या मी येऊ का? नको म्हटलं. एक सेट जायचाय. त्याला किती माणसं लागतात.

रविवार, १६ फेब्रुवारी

टेम्पो नऊला येणार होता. वायर नीट गुंडाळून द्यावी म्हणून आठाला डावीचं रबर सोडलं.

भिंतीच्या कडेनं ह्यांनी मारलेल्या क्लिपा अजून आहेत. त्यांतून वायर ओवत गेले, पीळ निघावा म्हणून. स्वयंपाकघराची चौकट आली. क्लिपा चौकटीवरून आत वळल्या. तिथंच वायर संपली. डबा आणून जोडला. वायर ना सैल, ना ताणलेली. डब्याचं तोंड दुसरीकडे वळवून बघितलं, तर पुरेना. एकाच बाजूला पुरते. माझ्या काटवटीकडे.

शशिधरला फोन केला. माफी मागितली. तो म्हणाला, ‘‘काकू, मला वाटलंच होतं.’’

दहाला दोघं आले, तोंडं पाडून. मी रेकॉर्ड लावली आणि आत जाऊन पिठाला बसले. भरून आलं. गाणंच, अंगावर.

बाहेरून उदयसिंह ओरडले, ‘‘वैनी! ह्योच! ह्योच की त्यो आवाज! कुठली केबल लावलीसा?’’

‘‘जुनीच.’’

चहा घेऊन निघाले तर दारात ठेच लागली. जोरात. लागू दे.